विड्या, आत्मकथनं आणि आईची पाटी

निपाणी, ८ जाने. १९८४
एम.फिल.चा विषय पास! दलित आत्मकथनांतले बालपणीचे घाव आणि त्यांचा शिकण्यावर परिणाम. आईला सांगितलं. विडी वळता वळता म्हणाली, "मग मोठ्यानं वाच की. आमी वळताव, तू वाच." नाहीतरी शेजारणी दुपारी विड्या वळायला आमच्याच सोप्यात असतात. घरबसल्या श्रोते!

१५ जाने.
पहिलं वाचन. वाटलं, रडतील. शिळ्या भाकरीवरून भावंडं भांडतात त्या पानाला सगळ्या खो खो हसल्या. शेजारची शेवंताआक्का म्हणे, "माझा भाऊ तर चावायचा गं!" जाम चिडले मी. वहीत 'रडल्या' असा रकाना आखला होता, कोराच.

१९ जाने.
बेळगाव. गाईडबाईंच्या टिळकवाडीतल्या घरी तक्रार. बाई : "हसल्या तिथं 'हसल्या' लिही. आणि विड्या वळणारे हात कुठं थांबतात ते बघ." एवढं साधं मला सुचू नये!

२२ जाने.
हात थांबले. आईचे. वर्गाच्या दारात बसवलेल्या मुलीचं पान होतं. "मी बी दारातच व्हते. मास्तर पाटी लांबनं टाकायचा. 'ग'पतोर आलतं. मग गेलेच न्हाय."
मला कधी बोलली नव्हती. मी शिकवते म्हटलं की "डोस्क्यात शिरत न्हाय", एवढंच. मी पुस्तक मिटायला लागले. "वाच गं फुडं," तीच म्हणाली.

५ फेब्रु.
आईनं पाटी मागितली!! पण पाटी हातात आली की उठून उंबऱ्यात जाऊन बसते. स्वतःच्या घरात. तिला कळतही नाही. प्रबंधात याला काय नाव द्यायचं... मीही उंबऱ्यात बसले. दोघींना जागा पुरेना, ढकलाढकली, हसून मुरकुंडी. 'घ' झाला.

१८ मार्च
आज आई सोप्यात मधोमध. बायकांना म्हणते, "सरका गं, माझी शाळा हाय." स्वतःचं नाव लिहिलं. किती आनंद झालाय मला!

१० नोव्हें. १९८५
प्रबंध दिला. पुढच्या महिन्यात बेळगावात तोंडी परीक्षा. आई येणारच म्हणते. बाई म्हणाल्या, "परीक्षकांना विचारावं लागेल. नाहीतर दाराबाहेर बाकडं आहे." भीत भीत आईला सांगितलं. दुपारी तिनं पोस्टकार्ड मागून घेतलं आणि बाईंना स्वतः लिहिलं : "मी दारात बसनार न्हाय. आत येक खुर्ची हाय का." खाली सही.
एक अक्षर दुरुस्त केलं नाही मी. आत्ताच पेटीत टाकून आले.