दसऱ्याची रॅकेट

दवनीवाडा,
१६ सप्टेंबर २०२५

चि. सौ. मोनालीस,
दादाचे अनेक आशीर्वाद.

घरात मोबाईल असताना दादा पोस्टाच्या नादी का लागला, म्हणून तू हसशील. पण आईला ऐकू कमी येतं, फोन स्पीकरवरच लावावा लागतो, आणि हे तिच्यासमोर बोलण्यासारखं नाही.

आचलला टेनिसची रॅकेट घ्यायची आहे. नोव्हेंबरात नागपूरला विभागाची निवड चाचणी आहे. गेल्या वर्षी तुझी भाची सरांची जुनी रॅकेट घेऊन गेली, ऐन सामन्यात तार तुटली आणि बदली रॅकेट नव्हती म्हणून बाहेर पडली. या वयोगटातलं तिचं हे शेवटचं वर्ष. सरांनी बजावलं आहे की दुकानात हवेत फिरवून रॅकेट घेऊ नका, चार दिवस खेळून बघा, मगच घ्या. गोंदियात अशी खेळायला कोण देणार? नागपुरात देतात म्हणे. तू चौकशी कर. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही.

आईचं तुला ठाऊकच आहे. पोरीने गोंदियाला जाऊन चेंडू मारायचे आणि अंधार पडता बसमधून उतरायचं, हे तिला दोन वर्षांत पटलेलं नाही. खेळाचं नाव काढलं की ताटावरून उठते. ती आणि आचल यांच्यामध्ये माझं भरीत झालं आहे.

जावईबापूंना नमस्कार. माया आहे तशीच ठेव.
तुझा दादा,
हेमराज


नागपूर,
२४ सप्टेंबर २०२५

ती. दादास,
मोनालीचा शि. सा. न. वि. वि.

सीताबर्डीला जाऊन आले. दुकानदाराने मुलीचा हात केवढा आहे म्हणून विचारलं, तर मी माझाच पुढे केला. तो बिचारा हसला नाही, हे त्याचे उपकार.

अनामत ठेवून त्याने तीन रॅकेट खेळून बघायला दिल्या आहेत. उद्याच्या गोंदिया बसने पाठवते. निळी हलकी, हिरवी मधली, काळी जड. रॅकेटची मूठ आवळल्यावर बोटांची टोकं आणि तळवा यांच्यामध्ये दुसऱ्या हाताचं बोट मावलं पाहिजे, तर मूठ बरोबर. जड रॅकेटने फटका जोरात जातो, पण पोर सडपातळ असेल तर कोपर धरतं. म्हणून पहिल्या फटक्यावर भुलू नका, तासभर खेळल्यावर हात काय म्हणतो ते तिला विचार.

दसरा झाला की आवडलेली ठेवून बाकीच्या परत करायच्या. ओरखडा नको, डाग नको, असं त्याने दोनदा सांगितलं. आईपासून मात्र जपून ठेव, नाहीतर तिन्ही चुलीत जातील.

आचलला पापा. लोभ कमी होऊ देऊ नकोस.
तुझी,
मोनाली


दवनीवाडा,
४ ऑक्टोबर २०२५

चि. सौ. मोनालीस,
अनेक आशीर्वाद.

कसं लिहावं कळत नाही. आधी चांगलं सांगतो. आचल तिन्ही रॅकेट घेऊन खेळली. काळीने पहिल्याच दिवशी कोपर दुखलं, ती तिने बाजूला टाकली. हिरवी बरी वाटली. पण निळी हातात घेतल्यावर पोरीचा चेहराच बदलला. सर म्हणाले, झालं, हीच. मला तर तिन्ही सारख्याच दिसत होत्या, पण तिचा चेहरा मलाही वाचता आला.

दसऱ्याच्या सकाळी आम्ही बापलेक तोरणासाठी आंब्याची पानं आणि धानाच्या लोंब्या आणायला वावरात गेलो. परत येतो तर आईने औजारांची पूजा मांडलेली. विळे, कुऱ्हाड, फवारणीचा पंप, आणि मधोमध पाटावर काळी रॅकेट. मुठीला हळद, तारांवर कुंकू, वरून झेंडू, आणि तेलाचं बोट सगळीकडे.

मी लपवलेल्या तिन्ही आईने शोधून, उचलून पाहिल्या होत्या. दोन तिला खेळण्यासारख्या हलक्या वाटल्या. काळी हाताला वजनदार लागली. विळा घेताना ती जशी तोलून बघते तशीच तोलली असणार. म्हणाली, "औजार हातात भरलं पाहिजे. पोरगी एवढ्या दूर जाते, तं चांगलंच घेऊन जाऊ दे."

मोनाली, दोन वर्षांनी तिच्या तोंडून हे निघालं. मी दारातच उभा राहिलो. आचल पुढे गेली, पाटासमोर वाकली आणि मग आईच्या पाया पडली. आईने तिच्या तोंडावरून हात फिरवला. ही परत करायची आहे, हे सांगायचं मी टाळलं.

तूच दुकानदाराला विचार. काही मार्ग काढ. भावावरची माया आटू देऊ नकोस.
दादा


नागपूर,
१० ऑक्टोबर २०२५

ती. दादास,
शि. सा. न.

दुकानदाराला मोबाईलवर फोटो दाखवला. त्याने आधी रॅकेटला हात जोडले, आणि मग सांगितलं की ही परत घेता येणार नाही. हळद मुठीत मुरली, तेल तारांत गेलं. त्याचं काही चुकलं असं मला म्हणवत नाही. मी विचारलं की वजन तरी कमी करता येईल का. मूठ बारीक-जाड करता येते, वजन वाढवता येतं, कमी करता येत नाही, असं म्हणाला. बाकीच्या दोन परत पाठव. यंदा दुसरी घेणं ना तुला झेपणार, ना आम्हाला.

आणि झेपली तरी काय? पूजेची रॅकेट कोपऱ्यात ठेवून पोर दुसरीने खेळते, हे आईला दिसल्याशिवाय राहील का? तू तिला समजावून सांग. तुला जमत नसेल तर दिवाळीला मी येते, मी सांगेन. मी काही तुझ्यासारखी भित्री नाही.

बहिणीची आठवण ठेव.
मोनाली


दवनीवाडा,
२९ ऑक्टोबर २०२५

चि. सौ. मोनालीस,
आशीर्वाद.

सुखरूप पोचलीस ना? दिवाळीचे चार दिवस राहिलीस, अनरसे खाल्लेस, आईजवळ निजलीस, आणि तिला काही न सांगताच गेलीस. भित्रा कोण ते कळलं. चिडवत नाही, माझंही तेच झालं.

तू गेल्यावर मी मन घट्ट केलं होतं. आचलनेच अडवलं. म्हणाली, "बाबा, आजी आता बसस्टॉपवर मला घ्यायला येते. कायले सांगता?" आणि खरंच, काठी टेकत येते. बसमधून उतरल्यावर रॅकेट स्वतः धरते, घरी येईपर्यंत सोडत नाही. निळी पाठवली त्या दिवशी आचलने ती स्वतः बांधली. रडली नाही, मलाच राहवलं नाही.

रोज कोपराला पट्टी बांधून खेळते आहे. मी बाप असून बघतो आहे.

लोभ असू दे, मला त्याची गरज आहे.
दादा


दवनीवाडा,
२१ नोव्हेंबर २०२५

मोनालीले मायचा आशीर्वाद.

मी देवकाबाई सांगून राहिली अन आचल लिहून राहिली. तू अन हेमराज कागदं लिहून राहता, मंग म्या काऊन लिहू नये?

पोरगी नागपूरले पहिल्याच खेळात हरली, तुले मालूमच हाये. तू तिथं होतीस. म्या पुसलं काऊन हरली, तं म्हणते समोरची चांगली होती. पण तिचा हात सुजला हाये. भात कालवता येत नाई. मी रोज मोहाच्या टोरीचं गरम तेल लावून चोळतो, तरी उतरत नाई.

माह्या मनात एकच गोष्ट फिरून राहिली. एवढी पूजा केली, तं तिच्या हाताले कायले लागलं? दोन वर्स म्या या खेळाले नावं ठेवली, त्याचं पाप लागलं का? का पूजेत माहं काई चुकलं? हेमराजले पुसलं तं वावरात निघून जाते. तू शिकलेली हायेस, तू सांग. नागऱ्याच्या महादेवाले जाऊन येतो, रॅकेटले पाया पाडून आणतो. मंग तरी हात बरा होईल.

लवकर उत्तर दे. मायले इसरू नको.
तुही माय

आत्या, नमस्कार. आजीनं जसं सांगितलं तसंच लिहिलं आहे, एक शब्द गाळला नाही. डॉक्टर म्हणाले, उन्हाळ्यापर्यंत रॅकेट धरायची नाही. तुझ्या उत्तरात आजीचं काही चुकलं नाही एवढंच लिही, आणि मोठ्या अक्षरात लिही. ते तिला मीच वाचून दाखवणार आहे, आणि वाचताना मला थांबायचं नाहीये.
आचल