नवमीची सवाष्ण

बुध. १० सप्टें.
पितृपक्ष लागला. बाबांनी कॅलेंडरवर सोमवारभोवती लाल गोल केलाय. अविधवा नवमी. आई त्यांच्या आधी गेली, म्हणून तिच्या नावानं एक सवाष्ण जेवू घालायची. मागच्या वर्षी वर्षाच्या आत होतं म्हणून राहिलं, यंदा पहिलीच. "माधवी, सोमवारी रजा टाक." टाकली. स्वयंपाक मी करायचा, पानावर बसायला दुसरी कुणीतरी. घटस्फोट घेतलेली लेक त्या पानावर चालत नाही, हे बाबा बोलले नाहीत. बोलायची गरजच काय.

गुरु. ११
मुलुंडात सवाष्णींचा दुष्काळ पडलाय. मामीला विचारलं, तिच्या घरी बोरिवलीला सासूची नवमी. शाळेतली रश्मी म्हणाली, "अगं, सोमवारी मीटिंग आहे यार. आणि हे म्हणतात असलं पान जेवू नये." तिसऱ्या मजल्यावरच्या सुनेला आधीच तीन घरची आमंत्रणं. तिन्हीकडे एक-एक वडा खाणारे बिचारी.
ऑफिसातली एक म्हणाली, हल्ली सवाष्णीच्या घरी डबा पोचवतात. बाबांना सांगून पाहिलं. चष्मा काढून नुसतं बघितलं माझ्याकडे. विषय बंद.

शुक्र. १२
अजून कुणी नाही. बाबांची चिडचिड.
सईची दहावीची चाचणी चालू. जाताना विचारलं, "आजी सोमवारी येणारे का?" चेष्टेत.
मी लेकीला घेऊन माहेरी परत आले तेव्हा ही तीन वर्षांची. महिन्याभरात मला अंधेरीत नोकरी लागली. शाळा सुरू झाली तेव्हा पहिला महिनाभर आई रोज फाटकासमोर फुटपाथवर बसायची, शाळा सुटेपर्यंत. का, तर सईला वर्गाच्या खिडकीतून दिसावी म्हणून. शेवटी वॉचमननं खुर्ची दिली. पालकसभेला आईच. शाळेच्या डायरीत तिचंच अक्षर असायचं : "सईला रात्री खोकला होता. गृहपाठ अर्धा झाला आहे. रागवू नये." विनंती वगैरे काही नाही, थेट रागवू नये!
मी सकाळी आठला बाहेर, रात्री आठला घरात. पोरीची नखं कोण कापतं हे मला माहीत नव्हतं. खरंच नव्हतं.

शनि. १३
मिळाली सवाष्ण. दुसऱ्या मजल्यावरच्या गोरे काकू, आईची जिवाभावाची मैत्रीण. बाबा स्वतः खाली जाऊन आमंत्रण देऊन आले.
संध्या. भोपळा चिरताना डोकं फिरलं. आई दर संक्रांतीला हळदीकुंकू करायची. चाळीस-पन्नास बायका, जिन्यात चपलांचा ढीग. मी परत आले आणि त्याच वर्षी तिनं ते बंद केलं. कायमचं. लाज वाटली तिला, दुसरं काय! लेक नवरा सोडून आली, बायकांना तोंड कसं दाखवणार. एकदा भांडताना तोंडावर म्हटलं, "माझी लाज वाटते ना तुला?" तर म्हणाली, "सरक, पोळ्या लाटायच्यात."
बारा वर्षं हे पोटात घेऊन बसलेय. बाईनं माझं पोर वाढवलं, माझे डबे केले, माझी आजारपणं काढली, आणि एवढं एक...

रवि. १४
सकाळी गोरे काकू वर आल्या. सई क्लासला, बाबा आंघोळीला. बसा म्हटलं तर बसल्या नाहीत.
"उद्या जेवायला यायच्या आधी एक सांगायचंय गं. नाहीतर घास उतरायचा नाही."
मग सांगितलं. त्या संक्रांतीच्या आधी काकूच आईला म्हणाल्या होत्या, की हळदीकुंकू कर, फक्त तेवढा वेळ माधवीला आतल्या खोलीत बसव, बायका कुजबुजतात. आई म्हणाली, "माझी लेक आत बसणार असेल, तर माझ्या घरात हळदीकुंकू नाही." खरंच केलं नाही. सहा महिने काकूंशी बोलली नाही. पुढे बोलायला लागली, पण तो विषय परत काढू दिला नाही.
मी काय म्हटलं आठवत नाही. बहुतेक "चहा घेता का?" त्या गेल्या. कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या, डाळीचा पार लगदा.
म्हणजे लाज नव्हतीच. आणि मी मूर्खासारखी...
राग आला. काकूंचा, आईचा, सगळ्यात जास्त स्वतःचा. बाबांना म्हटलं, काकूंना नको बोलवायला. "आमंत्रण दिलंय," म्हणाले. का नको ते विचारलं नाही. म्हणजे यांनाही माहीत होतं!

सोम. १५
वडे, तांदळाची खीर, भोपळ्याची भाजी, कढी, आमसुलाची चटणी. वडे फुगले.
काकू साडेबाराला आल्या. गुडघ्यांमुळे पाटावर बसवेना, टेबलावरच पान वाढलं. त्यांना हळदकुंकू लावलं, ओटी भरली. मग काकूंनी करंडा माझ्याकडून घेतला, बोटावर कुंकू घेतलं आणि हात माझ्या कपाळाकडे आणला. बाबा बघत होते.
मी मान मागे घेतली. म्हटलं, "उशीर झाला काकू. खीर वाढू?"
रडायला लागल्या. तशाच जेवल्या, हळूहळू, सगळं पान. खीर दोनदा वाढली मी, आग्रह करून. पानावर बसलेल्या माणसाला अर्धपोटी उठवलेलं आईला खपलं नसतं.
जाताना म्हणाल्या, "वडे अगदी तिच्यासारखे झालेत गं." मी दार लावून घेतलं. वाईट वागले का? असेन.

मंगळ. १६
ऑफिस. परत येताना घाटकोपरला मेट्रो सोडून लोकल, मुलुंडला उतरून पंधरा मिनिटं रिक्षा नाही. घरी आले तर बाबांनी चहा टाकलेला. आश्चर्यच.
आपणहून बोलायला लागले. "मी तिला म्हणायचो, पोरीला सांगून टाक. उगाच तुझ्यावर डूख धरून बसलीय."
मग?
"म्हणाली, नको. बायका काय बोलतात ते कळलं, तर ही उद्याच्या उद्या सईला घेऊन जाईल. कुठेतरी खोली घेऊन राहील एकटी. माझ्यावर रागावून का होईना, इथे राहू दे."
चहात साखर नव्हती. तसाच प्यायले.
विचारलं, पुढच्या नवमीला कुणाला सांगायचं? "बघू." नुसतं बघू, आणि कप विसळायला उठले.
गेले असते का मी? तेव्हा डोकं माझं असं तापलेलं असायचं. चार कपडे भरायचे, सईला उचलायचं, पाळणाघर शोधायचं... आई म्हणाली ते खरं आहे. गेलेच असते.