सुई किती वर गेली

बावडा, ता. इंदापूर
सोमवार, ११ डिसेंबर १९९५

जोतीराम भाऊजी आणि साखरवहिनी,

दोघांना बावड्याहून द्वारकाबाईचा नमस्कार. इकडे सगळं बरं आहे. थंडी पडली आहे, ज्वारी हुरड्यात आली आहे, म्हैस व्याली आणि रेडी झाली. गिरणीचा पट्टा तुटला होता, तो नवा टाकला.

अक्षर बघून दचकला असाल. आमच्याकडून तुम्हाला जातं ते ह्यांचं कार्ड, कोंबडीच्या पायांसारख्या अक्षरातलं आणि खाली मानसिंग अशी सही केलेलं. मी आजवर फक्त ते पेटीत टाकायची धनीण. आज मी लिहिते आहे, आणि कार्डावर मावणार नाही म्हणून आंतरदेशीय घेतलं आहे. ह्यांना सांगितलेलं नाही.

आधी माझी जुनी तक्रार. माझ्या वडिलांनी लग्नात दिलेली बाज तुम्ही दोघांनी सुतळी सोडून उभी केलीत, तिच्या चौकटीभोवती तांब्याची तार गुंडाळलीत आणि तिची एरियल केलीत. ती अजून अंगणात उभीच आहे. परवा धाकटी बहीण आली होती. ती म्हणाली, "आक्का, बाज अशी कशापायी हुबी केलीया?" तिला सांगता सांगता माझंच हसू आवरेना. म्हटलं, बारामतीत एक घड्याळवाले आहेत आणि आमचे हे गिरणीवाले. दोघं रेडिओच्या मिडियम वेव्हवर लांबलांबची स्टेशनं पकडतात. दिवस मावळला की पूर्वेकडची, दिवस उगवायच्या आधी पश्चिमेकडची. जिकडचं पाहिजे तिकडं बाज फिरवायची. जे ऐकलं ते त्याच दिवशी कार्डावर लिहून एकमेकांना टाकायचं, दुसऱ्याचं हातात पडायच्या आधी. दोन्ही कार्डं जुळली तरच स्टेशन पकडलं म्हणायचं.

"गानी चांगली आसत्यात व्हय?" ती म्हणाली.

"भाषाच कळत न्हाय बाई."

"मग गं?"

मग काय, ते मला वीस वर्षांत कळलं नाही, तिला काय सांगू? वीज गेली की सारं गाव बोटं मोडतं आणि आमचे हे खूश, कारण रेडिओ सेलवर चालतो आणि विहिरींवरच्या मोटारींची त्यात येणारी घरघर थांबते. गिरणी बंद पडली त्याचं दुःख नाही. असल्या माणसाशी संसार केला आणि बरा झाला, हेही तिला सांगितलं.

दिवाळीनंतर तुम्ही नवा नियम केलात तो ह्यांना फार आवडला आहे. काय ऐकलं ते लिहायचं नाही, फक्त स्टेशनचं नाव आणि सुई किती वर गेली तेवढंच. मला जरा नवल वाटलं. आमच्या सेटला लहरीचा जोर दाखवणारी सुई आहे, तुमच्या सेटला नाही. उलट ह्यांच्या सुईची तुम्ही किती थट्टा करायचात! "रेडिओ डोळ्यानं ऐकतोय गडी," असं म्हणायचात. पण म्हटलं, असेल काही शास्त्र. हे मात्र रोज मन लावून आकडे लिहितात, म्हणून तुमचे उपकार.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. दर वर्षी संक्रांतीच्या आसपास तुम्ही हुरड्याला येता, दोन दिवस राहता आणि पहाटे दोघं बाजेपाशी बसता. ह्या वर्षी येऊ नका. राग मानू नका. ह्यांना सर्दी झाली आहे, कानांत दडे बसले आहेत, आणि गिरणीतही काम फार आहे. बाकी काही नाही. साखरवहिनींना आल्यासारखं वाटावं म्हणून हुरडा एसटीने पाठवीन.

पत्राला उत्तर देताना ह्यातलं काही लिहू नका.

द्वारकाबाई


बावडा
बुधवार, ३ जानेवारी १९९६

भाऊजी,

हुरडा पोचल्याचं कार्ड मिळालं. "पुढच्या वर्षी येऊ, काळजी नसावी," एवढं एक वाक्य आणि खाली सुईचे आकडे. तेव्हा मला वाटलं, भाऊजी रुसले. रुसलेला माणूस आकडे कशाला पाठवील, एवढंही माझ्या डोक्यात आलं नाही.

दडे बसलेत असं मी लिहिलं होतं. दडे नाहीत. ह्यांना ऐकू येत नाही. उजव्या कानाने काहीच नाही, डाव्याने पितळी भांडं पडलं तर. गिरणीच्या आवाजाने हळूहळू गेलं. गंमत अशी की त्याच गिरणीमुळे ते कोणाला कळलं नाही. गिरणी चालू असताना तिथे बोलतो कोण? बोटं चोळली की बारीक, मूठ उघडली की भरड. गिऱ्हाईक हाताने सांगतं, हे हाताने उत्तर देतात. सगळं गाव ह्यांच्याशी तसंच बोलतं आणि ह्यांचं कधी अडलं नाही.

मला कळलं ते तुमच्या ह्या खेळापायी. दिवाळी होऊन गेली होती. पहाटे मी अंगणात सडा टाकत होते. हे बाज पश्चिमेला फिरवून बसले होते. ते आखाताकडचं स्टेशन रोज त्या वेळेला लागतं, आधी कुराणाचं पठण, मग बातम्या. मला त्यातलं अक्षर कळत नाही, पण त्या आवाजावर मी चूल पेटवते. त्या दिवशी सुई सरळ चारवर गेली आणि आवाज काही येईना. घरघर नाही, खरखर नाही, काही नाही. स्टेशन सुरू होतं पण तिकडून कोणी बोलतच नव्हतं. हे मात्र मान कलती करून, सुईकडे बघत, नेहमीसारखे हसत बसले होते. मग कार्ड घेतलं आणि लिहिलं, "पठण स्वच्छ, नंतर बातम्या."

ते कार्ड घेऊन मी टपालपेटीपाशी किती वेळ उभी राहिले असेन! आवाज आलाच नाही, असं सांगायचं म्हणजे सगळंच सांगणं आलं. शेवटी टाकलं.

दुपारी हे पाठमोरे जेवत होते. मी मागून हाक मारली. पुन्हा मारली. ह्यांनी शांतपणे भाकरीचा तुकडा मोडला. मी समोर येऊन बसले तर माझ्या तोंडाकडे बघून ह्यांना उमगलं. म्हणाले, "जोत्याला कळवू नगंस. दुसरं काय बी गेलं तरी चालंल. तेवढं एक ऱ्हाऊ दे मला."

मी शब्द दिला. म्हणून तुम्हाला हुरड्याला येऊ नका असं लिहिलं. तुम्ही येऊन शेजारी बसला असतात, तर तुमच्यासमोर ह्यांना किती वेळ नाटक जमलं असतं?

गेल्या शनिवारी ह्यांना कसंबसं राजी करून बारामतीला कानाच्या डॉक्टरांकडे आणलं. डॉक्टर भला माणूस. नस गेली आहे, परत येणार नाही, असं त्यांनी कागदावर लिहून दाखवलं. एक यंत्र कानाला लावून बघितलं. ह्यांनी जरा वेळ ऐकलं आणि काढून टेबलावर ठेवलं. म्हणाले, "हितं नुसती मोटारीची घरघर हाय. स्टेशनच लागत न्हाय." डॉक्टरही हसले. मला हसू आलं आणि तिथेच रडूही आलं.

बारामतीत असून तुमच्याकडे यायला हे तयार होईनात. एसटी स्टँडवर बसून राहिले. मी बांगड्या भरून येते असं खुणेने सांगून निघाले आणि थेट तुमच्या घरी आले. शब्द मोडायचाच असं ठरवून आले होते. म्हटलं, माणूस लपून लपून झिजतोय, भाऊजींना सांगून टाकू, ते काहीतरी मार्ग काढतील.

हो, मी आले होते. वहिनींनी तुम्हाला सांगितलं नसेल, मीच तशी गळ घातली होती.

दिवस मावळत होता. तुम्ही मागच्या पडवीत होतात, दाराकडे पाठ करून. समोर रेडिओ. मी दारात थबकले, कारण तुम्ही ढाका स्टेशन लावताना मध्ये बोललेलं तुम्हाला खपत नाही. पण आवाज येईना. म्हटलं सेट बिघडला की काय. मग बघितलं तर सेटच्या कपाळाला एक सुई बसवलेली, कुठल्याशा जुन्या मीटरची, घड्याळाच्या काचेखाली. ती वर चढत होती आणि तुम्ही तिच्याकडे टक लावून होतात. मान कलती, अगदी ह्यांच्यासारखी.

वहिनींनी मला हाताला धरून चुलीपाशी नेलं. म्हणाल्या, "बघा आमचं येड. दिवाळीपास्नं हेच चाललंया. सुई बशिवली, आन आवाज पार बंद करून बसत्यात. म्या म्हनलं, मग लावायचा कशाला रेडू? तर म्हनत्यात, मानसिंगच्या बरोबरीनं ऐकतुया."

मी विचारलं, दिवाळीच्या वेळी असं झालं तरी काय?

मग त्यांनी त्या आवाज नसलेल्या पहाटेचं सांगितलं. तुम्हीही ते स्टेशन लावलं होतंत आणि कार्डावर लिहिलं होतंत, "आज आवाज नाही, नुसतीच लहर." ते कार्ड टाकायला वहिनी विसरल्या. दुसऱ्या दिवशी ह्यांचं कार्ड आलं. तुम्ही ते वाचलंत, पुन्हा वाचलंत, आपलं कार्ड वहिनींकडून मागून घेतलंत आणि फाडून चुलीत टाकलंत. दिवसभर दुकानात गेला नाहीत. संध्याकाळी नवं कार्ड लिहिलंत, नव्या नियमाचं.

भाऊजी, तुम्हाला तेव्हाच कळलं होतं. तुम्ही ह्यांना विचारलं नाहीत, मला विचारलं नाहीत, कोणाकडे हळहळला नाहीत. ज्या सुईची थट्टा केलीत तीच आपल्या सेटला बसवलीत. नियम असा केलात की ह्यांना खोटं लिहावंच लागू नये. आणि तुमचे कान धडधाकट असताना तुम्ही ते रोज संध्याकाळी ह्यांच्यासाठी मिटून घेतलेत. माझा सख्खा भाऊ असता तर त्याला हे सुचलं असतं का, मला शंका आहे. वहिनींचेही उपकार. कार्ड विसरल्या म्हणून मी त्यांना साडी नेसवणार आहे.

मी तुम्हाला हाक न मारताच परत फिरले. बांगड्या भरायच्या राहिल्याच. ते बघून ह्यांना संशय आला.

निमगाव केतकीच्या पुढे मला राहवेना. भरल्या गाडीत बहिऱ्या माणसाला सांगायचं कसं? मग गिरणीतल्यासारखं केलं. एक बोट मनगटावर टेकवलं. ही खूण आमच्यात तुमची, घड्याळवाल्याची. मग रेडिओचं बटण चिमटीत धरून पार उलटं फिरवल्यासारखं केलं आणि कानावर हात ठेवला. मग एक बोट हळूहळू वर नेलं, सुईसारखं.

हे बघत राहिले. पुन्हा कर म्हणाले. मी पुन्हा केलं.

मग आपला आवाज किती मोठा आहे हे ह्यांना कुठलं कळायला! सगळ्या गाडीला ऐकू जाईल असे ओरडले, "जोत्या आवाज बंद करून बसतुया? माझ्यापायी?" कंडक्टरसुद्धा वळून बघायला लागला. मी मानेनेच हो म्हटलं. ह्यांनी टोपी काढली, तोंडावर धरली आणि बावडा येईपर्यंत खाली घेतली नाही. शेजारच्या बाईने मला विचारलं, "मयत झालंय का कोन?" म्हटलं, नाही हो, उलट आहे.

घरी आल्यावर दोन दिवस बाजेकडे फिरकले नाहीत. मी घाबरले होते. वाटलं, मी सांगून बसले आणि ह्यांचं तेवढं एक राहिलेलंही गेलं. काल दिवस मावळायला उठले, बाज पूर्वेला फिरवली आणि मला हाताने बोलावून शेजारी बसवलं. ढाका लागलं. बाई गात होती. मी ह्यांच्या गुडघ्यावर बोटांनी ठेका धरला. चुकला असेल, मला गाण्यातलं काय कळतं? पण ह्यांनी डोळे मिटले. गाणं संपेपर्यंत सुईकडे बघितलंसुद्धा नाही.

मग म्हणाले, "लिही त्याला. म्हनावं, आवाज वाढीव. बहिरा म्या झालोय, त्यानं कशाला व्हायचं?"

म्हणून हे पत्र. संक्रांतीला दोघंही या. हुरडा शेतात आहे, बाज अंगणात आहे, आणि ह्या वेळी कोणाला काही लपवायचं नाही. तुम्ही ऐकायचं आणि ह्यांना हाताने सांगायचं. खुणा मी शिकवीन, सोप्या आहेत. आमच्या घरात परत कोणी हसत सुईपाशी बसलं आहे ते तुमच्यामुळे. हे तोंडावर मला बोलता येणार नाही, तुम्हीही बोलू देणार नाही, म्हणून इथेच लिहून ठेवते.

खाली जागा सोड म्हणून हे मागे उभे आहेत. सोडते.

तुमची ऋणी आणि त्यात सुखी असलेली,
द्वारकाबाई

जोत्या, काल ढाका. सुई चारवर. नियम बदलला. मी सुई लिहिणार, तू काय ऐकलंस ते लिही. बाई कशी गायली, मागे काय वाजत होतं, सगळं लिही. कार्डावर मावलं नाही तर दोन कार्डं टाक.
मानसिंग