नव्या राउटरचा पासवर्ड

मंगळवार, संगमनेर

डोकं फिरलंय नुसतं. घरातल्या ऑफिससाठी नवा राउटर घेतला, तरी आज क्लायंटचं रिटर्न भरताना नेट रखडलं ते रखडलंच. शेवटी कळलं, आईनं अख्ख्या गल्लीला पासवर्ड वाटलाय! विचारलं तर म्हणते, "मागितल्यावर न्हाई कसं म्हनायचं? विरजण देतोच की आपन." विरजण आणि वायफाय एकच का? रागारागात पासवर्ड बदलला, कुणालाही सांगितला नाही. रिटर्न गेलं एकदाचं. मग जिंकले का मी? आता दूध कोमट करून ठेवलंय, घरात चमचाभर दही नाही, आणि आई शेजारी जायला तयार नाही. म्हणते, "आता कुठल्या तोंडानं मागू विरजण?"