ओढ्यावरचा सहाशे बारावा फोटो

आदरणीय भाऊजी,

नमस्कार. गुडघा आता कसा आहे? (जिना कमी चढा असे मी म्हणणार नाही, कारण तुम्ही ऐकणार नाही.) तुमच्या रंगाच्या दुकानातल्या वासाने सर्दी बळावली होती, ती उतरली का तेही कळवावे. एकाच गावात राहून पत्र का, असे वाटेल. फोनवर तुम्ही मला दुसरे वाक्य बोलू देत नाही, आणि हे प्रकरण एका वाक्यात आटोपण्यासारखे नाही.

माझ्या घड्याळांच्या दुकानामागच्या ओढ्यात पाणमांजर परत आले आहे का, हे शोधायला विद्यापीठातल्या एक संशोधक बाई आल्या आहेत. त्यांनी शाळेत मुलांचा आणि गल्लीतल्या मोठ्यांचा एकत्र वर्ग घेतला. पाणी कसे तपासायचे, ठसे कसे ओळखायचे, आणि (क्षमा असावी) विष्ठा वासावरून कशी ओळखायची. मी खरे तर पंख्याखाली बसायला गेलो होतो. पण बाईंनी विचारले, बारीक सेल कोणाला बदलता येतात, आणि सगळी गल्ली माझ्याकडे वळून बघू लागली. समोर काही हलले की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा अशा रीतीने माझ्या गळ्यात पडला.

पहिल्या तीनशे फोटोंत माझे टक्कल आहे. कॅमेरा नीट लागला का, हे मी समोरून वाकून बघत असे. पुढच्या दोनशेंत बगळा आणि औषधदुकानदार यांची पाळीपाळीने हजेरी आहे. (तो तिथे व्यायाम करतो. न केला तरी चालेल, असे फोटो बघून वाटते.) निवृत्त मुख्याध्यापकांनी सगळ्यांची नोंद वहीत ठेवली. मधल्या काळात विष्ठेचा एक नमुना मी काडेपेटीत घालून दुकानाच्या खणात ठेवला आणि एका गिऱ्हाइकापुढे घड्याळाचा पट्टा म्हणून तीच पेटी उघडली. ते गिऱ्हाईक आता समोरच्या दुकानात जाते. हिने तेव्हापासून माझा रुमाल वेगळा धुवायला घेतला आहे.

पण गंमत बाजूला. नगरपालिकेला हा ओढा पाइपात घालून वर गाड्या उभ्या करायच्या आहेत. अभियंते म्हणाले, सोमवारपर्यंत प्राण्याचा पुरावा द्या, नाहीतर काम सुरू. मुलांनी पाणमांजराची साठ चित्रे नेऊन दिली. चित्र हा पुरावा होत नाही, असे त्यांना सांगण्यात आले.

आणि गुरुवारी सहाशे बारावा फोटो निघाला. सकाळचे सहा वाजून चार मिनिटे. अर्धे अंग पाण्याबाहेर, तोंडात मासा, मिशांवर थेंब, नजर डावीकडे. भाऊजी, माझ्या भिंगावर वाफ धरली. मुख्याध्यापकांनी वहीत वेळ तेवढी लिहिली आणि पेनाला टोपण लावले. रविवारी दहा वाजता शाळेच्या सभागृहात हा फोटो मोठ्या पडद्यावर, अभियंत्यांसमोर दाखवणार आहोत. आपण यावे.

आपला मेहुणा

ता. क. पाणमांजर डावीकडे बघते आहे, कारण डावीकडे तुम्ही आहात. रेघांची विजार, हातात थिनरचा डबा, डबा तिरका. डावी बाजू कापता येईल का, असे मी बाईंना विचारून पाहिले. त्या म्हणाल्या, "कापला तर तो पुरावा राहत नाही, काका." दुसरा फोटो नाही. तो गृहस्थ कोण, हे बाईंना ठाऊक नाही. मुख्याध्यापकांना आहे, त्यांनी वहीत तेवढी जागा कोरी सोडली आहे.

आणखी एक. मुलांच्या बाटल्यांतल्या पाण्यावर महिनाभर तवंग येत होता. सगळ्यांनी गॅरेजवाल्यावर संशय घेतला, आणि तो बिचारा रोज कचरा काढायला गाळणी घेऊन पाण्यात उतरत होता. म्हणून विनंती अशी, की फोटो पडद्यावर यायच्या आत तुम्हीच उठून सांगावे. शनिवारी सकाळी फोटोतल्या वळणावर पाण्यात पडलेले डबे काढायला आम्ही उतरणार आहोत. नऊ दिसतात. तुमच्या मापाचे बूट मी आणून ठेवले आहेत.

हे शेवटचे. ताई हिला भेटायला म्हणून काल आली आणि तिने फोटो पाहिला. मग म्हणाली, "जनावर छान आलंय." थोड्या वेळाने म्हणाली, "त्यांना लिही, नऊ नाहीत. आमच्या मागच्या व्हरांड्यातून चौदा गेलेत." चौदावा निघेपर्यंत तिचा मुक्काम इथेच आहे.