मिरजोळ्याच्या सड्यावरची उल्का

४ एप्रिल
राजश्री मॅडमनी डिझर्टेशनला विषय दिला: मिरजोळ्याच्या सड्यावरचा, म्हणजे तिथल्या कातळाच्या पठारावरचा, जांभा दगड. फील्ड पार्टनर नबीला. जांभा काय, रत्नागिरीत घराघराच्या भिंतीत आहे. त्यासाठी मी जिऑलॉजीत एम.एस्सी. करत नाहीये.

५ एप्रिल
सड्यावर मोठा खड्डा सापडला. गोल. म्हणजे जवळजवळ गोल. इथे उल्का पडली आहे! कुणालाही सांगायचं नाही. फक्त नबीलाला सांगितलं. ती म्हणाली, "दर्शन, जुनी चिरेखाण आहे रे ती." मुलगी मेहनती आहे, पण कल्पनाशक्ती नाही.

७ एप्रिल
नबीलाने भिंतीवरचे टिकावाचे घाव दाखवले. म्हटलं, उल्का वेगात आली की दगड असाच ओरखडतो. ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. पटलं असावं.
तरी उद्यापासून एकट्याने काम. ठरलं.

८ एप्रिल, दुपार
खड्ड्यात उतरलो. उतरणं अगदी सोपं.

८ एप्रिल, थोड्या वेळाने
खड्ड्यातला मुक्काम वाढवला आहे. भिंत इतकी तापलीय की हात टेकवत नाही. पाणी संपलं. घाबरलेलो नाही. नबीलाला फोन केला, सहज.

८ एप्रिल, संध्याकाळ
नबीला दोर घेऊन आली. सोबत तिचा भाऊ अरशद. ओढताना तो ओरडत होता, "अरे, पाय तरी लाव!" लावतच होतो. वर आल्यावर नबीलाने पाणी दिलं. "मेला असतास," एवढंच म्हणाली. आवाज कापत होता. ऊन लागलं असणार तिला.

१२ एप्रिल
मॅडम सड्यावर आल्या. मी हात फिरवून त्यांना उल्केचा मार्गच दाखवला. मॅडमनी विचारलं, "मग उल्केने चिरे कापून कडेला रचून का ठेवले?" म्हटलं, हा पुढच्या संशोधनाचा विषय आहे.
मग त्या नबीलाने आणलेल्या शिडीवरून खाली उतरल्या. भिंत बघून खूश. तिला म्हणाल्या, "वरच्या कातळापासून तळाच्या मातीपर्यंत सगळे थर दिसतायत. यावरच लिही!" मला म्हणाल्या, "तू भिंतीला लागून उभा राहा. हलू नकोस." महत्त्वाचं काम नेहमी मलाच.

२ मे
नबीलाचा रिपोर्ट आला. पहिल्याच पानावर माझा फोटो! मागे खड्ड्याची भिंत. खाली छापलंय: 'प्रमाणासाठी: दर्शन, उंची पाच फूट तीन इंच.'
चार आहे. लेखी आक्षेप घेणार.