गळ्यात काय आहे ते विचारू नये

...सडा टाकून झाला होता, चुलीवर पाणी तापत होते आणि मी सुपात ज्वारी घेऊन निवडत बसले होते, तेव्हा दारात टांगा थांबला आणि माझा पुतण्या चन्नबसप्पा उतरला. हैदराबादेहून न कळवता आला, म्हणजे काम मोठे असणार. टांगा आमच्याच भाडेकरूचा, मौलासाबचा. चन्नबसप्पाला हे ठाऊक नव्हते, त्यामुळे स्टेशनपासून घरापर्यंत त्याने सगळे काम मौलासाबलाच सांगून टाकले होते. मौलासाबने ट्रंक ओट्यावर ठेवली आणि मला म्हणाला, "अव्वा, घर बिक गया कते तुमारा. मुबारक."

चहा पिऊन झाल्यावर चन्नबसप्पाने तेच पुन्हा सांगितले. "काकू, घर इकून टाकू. कापसाच्या एका व्यापाऱ्याला गोदामाला जागा पायजे. तू चल माझ्याकडं."

"आन् हे भाडेकरू?"

"जातील की कुठंबी. काकू, हितं आता आपलं कोन राहिलंय?"

मी ज्वारीतला खडा काढून बाजूला ठेवला आणि विचार करून सांगते म्हटले. तो सासुरवाडीला औशाला गेला आहे, परत येताना उत्तर घेऊन जाणार आहे. हा कागद म्हणजे माझे उत्तर.

शेषेराव वकील म्हणतात, मृत्युपत्र ज्वारीपासून सुरू करत नाहीत, आधी नावगाव घालतात. तर मी बसम्मा, लिंगैक्य, म्हणजे वारलेले, ईश्वरप्पा यांची पत्नी, माहेर औसा, राहणार लातूर, वय साठीच्या पुढे कुठेतरी, लिहून ठेवते की माझी अक्कल ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण गुडघ्यांना यात काही लिहायचे नाही. मला कोणी धाक घातलेला नाही, लालूच दाखवलेली नाही, भांग पाजलेली नाही. हे भांगेचे वकिलांनी घालायला लावले, त्यांना तसे कोणी गिऱ्हाईक भेटले असावे. रजिस्ट्रीच्या कचेरीत सगळे उर्दूत चालते. तिथे याची उर्दू करून घ्यावी, मात्र करणाऱ्याने माझे टोमणे गाळू नयेत.

कलम पहिले, माझ्या देहाबद्दल. आम्हा लिंगवंतांत माणसाला जाळत नाहीत, बसवून पुरतात. हे लिहावे लागते, कारण मी जाईन तेव्हा घरात जे असतील त्यांतले बरेच जण वेगळ्या रीतीचे असतील आणि घाईत लाकडे आणून टाकतील. लाकडे आणू नयेत, फार महाग झाली आहेत. लातुरात आता जिवंत माणसालाही पाय पसरायला जागा मिळत नाही, तेव्हा मेल्यावर मी बसूनच बरी. मठाचे सिद्धलिंग स्वामी सांगतील तसे करावे. भाडेकरू दत्तोपंत मास्तरांनी मध्ये बोलू नये.

कलम दुसरे, घर कोणाचे. हे घर माझ्या स्त्रीधनाचे आहे. माहेरच्या पाटल्या आणि सरी मोडून घेतले आणि दस्त माझ्या नावावर आहे. ईश्वरप्पांना भीती होती की कापडाचे दुकान कधी बुडाले तर घर तरी राहावे. दुकान बुडाले नाही, ईश्वरप्पाच गेले. दुकान भावकीच्या वाट्याने चन्नबसप्पाकडे आले, त्याने ते विकले आणि हैदराबाद गाठले. त्याबद्दल माझी तक्रार नाही. म्हणजे आहे, पण ती या कागदात मावणार नाही.

आता "आपलं कोन राहिलंय" याबद्दल. मी लग्न होऊन आले तेव्हा गल्लीत सगळी लिंगवंतांची घरे होती. तरीही मला वर्षानुवर्षे "औशाची उपरी" म्हणायचे. मग ही जगभरची लढाई आली आणि भाव चढले. ज्यांची मुले शिकली ते हैदराबादला गेले, ज्यांचे हात कामाचे होते ते सोलापूरच्या गिरण्यांत गेले आणि ज्यांचे काहीच नव्हते ते गावी परत गेले, कारण गावात निदान भाजी कुंपणावर उगवते. त्यांच्या रिकाम्या घरांत कंधारचे आले, बिलोलीचे आले, बिदरचे आले, तेलुगू बोलणारे गवंडी आले. लातूर मोठे झाले म्हणतात. पूर्वी गल्लीत कोणी शिंकले की कोण शिंकले ते कळायचे. आता कोणत्या भाषेत शिंकले तेवढे कळते.

कलम तिसरे, सटवाजीच्या खोलीबद्दल. खोली लिंगवंतालाच द्यायची हा गल्लीचा नियम होता आणि तो मीही पाळत होते. लढाईत एक माणूस बायकोला घेऊन दारात उभा राहिला. सरकीच्या गिरणीत हमाली करतो म्हणाला, नाव शरणप्पा सांगितले. गळ्यात चांदीसारखी दिसणारी लिंगाची डबी होती. मी विचारले, "कोणत्या मठाचे?" तो म्हणाला, "तुमच्याच." मी खोली दिली. त्याची बायको गोदावरी नवऱ्याचे नाव घेईना ते रीतीला धरून होते. पण पुढे कंधारकडून त्याची आई आली आणि अंगणातून तिने हाक मारली, "सटव्या, आरं ए सटव्या!" तर शरणप्पा ओ देत बाहेर आला. मला नवल वाटले नाही. आमच्यात लिंगपूजा झाल्याशिवाय कोणी खात नाही, आणि मी त्याला पूजेआधी भाकरी खाताना पहिल्याच दिवशी पाहिले होते.

श्रावणात सिद्धलिंग स्वामी घरी आले. सगळे पाया पडले, सटवाजीलाही पडावे लागले. तो वाकला, डबीचे झाकण उघडले आणि आतून एक सुपारी निघून घरंगळत थेट स्वामींच्या पायाशी गेली.

स्वामींनी विचारले, "बाळा, हे लिंग कोन्या गुरूनं दिलं?"

सटवाजी म्हणाला, "गंजबाजारातल्या पानवाल्यानं, स्वामी."

तेवढ्यात गोदावरी मागून त्याला म्हणाली, "मी म्हनत हुते, खोबऱ्याचा तुकडा घाला. खोबरं घरंगळत न्हाई."

ईश्वरप्पा गेल्यापासून मी हसले नव्हते. त्या दिवशी इतके हसले की मास्तरांनी येऊन पाण्याचा तांब्या दिला. सटवाजी हात जोडून म्हणाला, "अव्वा, लई दारं हिंडलो. परतेक जन गळ्याकडं बघून दार लावून घेतंय. बायको पोटुशी हुती. काय करू?" स्वामींनी सुपारी उचलून त्याच्या हातात दिली आणि म्हणाले, "फोड आता. पान मागव."

माझे लिंग मी रोज हातावर घेऊन पूजते आणि ते माझ्याबरोबरच जाईल. पण त्या दिवसापासून मी भाडेकरूच्या गळ्याकडे पाहणे सोडले. ती खोली आता सटवाजी आणि गोदावरी यांच्या मालकीची समजावी, त्यांच्या खऱ्या नावाने.

कलम चौथे, भाड्याच्या बाकीच्या दोन खोल्या आणि विहीर. रस्त्याकडची खोली दत्तोपंत मास्तरांची. ते बिलोलीचे, सोवळ्याचे. ईश्वरप्पा रोज संध्याकाळी मला सोलापूरहून येणारे वर्तमानपत्र वाचून दाखवत. ते गेले, पण वर्गणी वर्षाची भरलेली होती, त्यामुळे माणूस गेला तरी पेपर येत राहिला. घडी न मोडलेले पेपर कोनाड्यात साठत गेले, ते मला बघवेना. मग मास्तरांकडून मुळाक्षरे विचारून घेतली आणि पुढचे माझे मी जुळवले. या उपकारासाठी खोली. मास्तर घोरतात हे त्यांना कोणी सांगत नाही, म्हणून इथे लिहिले.

मागची खोली आणि घोड्याची जागा मौलासाबची. विहीर कोणा एकाची नाही. पूर्वी तिच्यावर चार दोर आणि चार पोहरे असत, जो तो आपलाच वापरी. मास्तर तर स्वतःचा दोर खोलीत टांगून ठेवत. लढाईत दोर इतका महागला की एकाचा तुटला, मग दुसऱ्याचा, मग माझा, आणि शेवटी मौलासाबचा तेवढा राहिला. मास्तर रिकामी कळशी घेऊन एक अख्खी सकाळ काठावर उभे होते. मौलासाब घोड्याला खरारा करता करता म्हणाला, "मास्तर, रस्सी मेरी है, पानी तो अव्वा का हैच." मास्तरांनी शाळेची वेळ पाहिली आणि दोर हातात घेतला. इतकी वर्षे संतांनी सांगून जे झाले नाही ते दोराच्या भावाने झाले. माझ्या मागे विहिरीवर एकच दोर ठेवावा. स्वस्त झाला तरी दुसरा आणू नये.

कलम पाचवे, किरकोळ. जाते गोदावरीला. जुने पेपर मास्तरांना, मौलासाबच्या घोड्याखाली अंथरायला देऊ नयेत. समोरच्या चंद्रप्रभाबाईने माझे मोठे पितळी पातेले बारशाला नेले आणि भाडे परवडेना म्हणून बिऱ्हाड उचलले, तेव्हा पातेल्यासकट सोलापूरला गेली. ते पातेले आता तिचेच समजावे. तिला मी माफ केलेले नाही, हेही कोणी सोलापूरला गेले तर सांगावे.

कलम सहावे, चन्नबसप्पाबद्दल. हे लिहिणार नव्हते. त्याच्या मुलीचे बारसे होते तेव्हा मी हैदराबादला गेले होते. एका वाड्यात त्याची एक खोली आहे, तिथेच चूल, तिथेच पाळणा, तिथेच मी. मी दारातून आत पाऊल टाकते तोच तो कानाशी आला. "काकू, तुझं लिंग पदराखाली घे."

"का रं?"

"मालकीन बगंल."

"आन् तुझं कुठं हाय?"

"ट्रंकेत," तो म्हणाला. त्याच्या खांद्यावर सदऱ्यातून जानवे दिसत होते. वाड्यात ब्राह्मण सोडून कोणाला खोली देत नाहीत, आणि हैदराबादला खोली मिळणे म्हणजे काय ते मला तेव्हा समजले. थोड्या वेळाने मालकीण आली आणि तिने गोत्र विचारले. चन्नबसप्पाने घाम न पुसता "काश्यप" सांगितले. आमच्या घराण्यात काश्यप कधी शिरले ते विचारायचे राहूनच गेले. पोरीला लिंग बांधले ते दार लावून, दबक्या आवाजात, चोरीचा माल वाटावा तसे. त्याची बायको तोंडात पदर कोंबून रडत होती, आणि बाहेर कोणाला ऐकू जाईल म्हणून तेही नीट रडता येईना.

चन्नबसप्पा, तू मला आपल्या माणसांत चल म्हणतोस. तिथे तूच आपल्या माणसांत नाहीस. सुपारीची गोष्ट ऐकून सटवाजीला तू बाटगा म्हणालास, त्याच्या डबीत निदान सुपारी तरी होती, तुझ्या गळ्यात तर दुसऱ्याचाच धागा आहे. हे टोचायला लिहीत नाही. थोडे टोचायला लिहिते.

मधली खोली ईश्वरप्पांची. ते गेल्यापासून ती मी कोणाला दिली नाही. खोलीसाठी माणसे नावे बदलत हिंडतात अशा गावात मी एक खोली कुलुपात ठेवली आहे. वकील याला नुकसान म्हणतात. ईश्वरप्पांचे कोट अजून खुंटीवर आहेत आणि चपला दाराकडे तोंड करून आहेत, मी याला काही म्हणत नाही. ती खोली आणि माझे स्वयंपाकघर चन्नबसप्पाला. त्याने, त्याच्या बायकोने आणि पोरीने हवे तेव्हा येऊन राहावे. मी जाण्याची वाट पाहू नये. त्याला आपली खोली विकता येईल, पण बाकीच्या तिघांच्या खोल्या आजूबाजूला असल्यामुळे गोदाम होणार नाही. सरकीच्या गोण्यांना मास्तरांचे घोरणे चालत असेल तर गोष्ट वेगळी.

या घरात पुढे कोणीही कोणाला खोली देईल त्याला एकच अट. येणाऱ्याच्या गळ्यात काय आहे ते विचारू नये. भांडतो का, एवढे विचारावे.

ज्याला काही मिळते त्याने साक्ष घालू नये असे वकिलांचे म्हणणे पडले. तसे पाहता घरात कोणीच उरेना, म्हणून स्वामींना बोलावले आणि दुसरे साक्षीदार वकील स्वतः झाले. कागद वाचून, समजून, स्वतःच्या हाताने सही करते. अंगठा नाही.

बसम्मा ईश्वरप्पा

साक्षीदार: सिद्धलिंग स्वामी, राहणार मठ, लातूर
शेषेराव वकील, राहणार लातूर

लातूर, माघ वद्य पंचमी, शके १८६७, फसली १३५५

सह्यांच्या खालचा मजकूर, तोही माझ्याच हातचा.

स्वामींच्या सहीची शाई वाळत होती तेव्हाच चन्नबसप्पा औशाहून आला. मी कागद त्याच्या हाती दिला नाही, वाचून दाखवला. मला वाचता येते हे त्याला माहीत नव्हते, त्यामुळे पहिली दोन कलमे तो माझ्या तोंडाकडेच बघत राहिला. सहाव्या कलमाला त्याने आधी उघड्या दाराकडे पाहिले, मग स्वामींकडे. स्वामी आढ्याकडे बघत होते.

मग तो म्हणाला, "काकू, उर्दू करताना त्ये जानव्याचं गाळता येतंय का?"

"न्हाई."

वकील म्हणाले, "फार तर 'धागा' लिहू."

गोदामाचे तो पुन्हा बोलला नाही, राहायला येतो असेही म्हणाला नाही. रागावला आहे की काय ते मला अजून कळलेले नाही. मौलासाबने टांगा जोडला. चन्नबसप्पा वर बसला आणि रस्त्याकडे बघतच त्याने विचारले, "त्या मधल्या खोलीला खिडक्या किती हायत?"

"दोन," मी म्हटले. "एक अंगनाकडं, एक गल्लीकडं."

टांगा स्टेशनकडे गेला.

दुसऱ्या दिवशी मी ईश्वरप्पांच्या खोलीचे कुलूप काढले, त्यांचे कोट सटवाजीला दिले, चपला मौलासाबला दिल्या आणि खोली सारवली.